नवी गाडी घेताना : 'ऑन-रोड'च्या कागदावरची एकेक ओळ

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी नवी गाडी आली. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, पाच जणांची साधी हॅचबॅक. गाडीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्हाला जे अनुभव आले ते कुठेही येऊ शकतात, आणि नाव आलं की चर्चा त्या कंपनीवर घसरते.

आधी आकडे सांगते. पहिलं 'ऑन-रोड' कोटेशन, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, १०,४७,८९० रुपयांचं होतं. त्यावर "ताई, तुमच्यासाठी पंचवीस हजार कमी करतो" म्हणून १०,२२,८९०. शेवटी आम्ही भरले ९,४४,४९०. गाडी तीच, व्हेरियंट तोच, रंगही तोच. मधल्या तीन आठवड्यांत काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण आम्हाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर खूप पायपीट वाचली असती.

पहिल्या कागदावर या ओळी होत्या : एक्स-शोरूम (टॅक्स-विमा धरायच्या आधीची गाडीची किंमत) ८,४९,०००. रोड टॅक्स ९३,३९०. रजिस्ट्रेशन ९,५००. विमा ४६,८००. एक्सटेंडेड वॉरंटी १७,२००. ॲक्सेसरीज किट २४,९००. हँडलिंग ६,५००. फास्टॅग ६००. खाली एकच जाड आकडा आणि त्याभोवती गोल. सेल्सचा मुलगा बोलताना पेनचं टोक त्या गोलावरच ठेवत होता. आमचीही नजर तिथेच खिळलेली. "अजून पाच कमी करा", "दहा कमी करा" एवढंच बोलून आम्ही चहा पिऊन घरी आलो.

घरी आल्यावर सासऱ्यांनी कागद हातात घेतला. आयुष्यभर बाजार समितीत हिशेब लिहिलेला माणूस. ते म्हणाले, "अगं, यात सरकारचं किती, कंपनीचं किती आणि दुकानदाराचं किती, ते आधी वेगळं काढ. भाव दुकानदाराच्या भागावर करायचा असतो." तिथून आमची खरी खरेदी सुरू झाली.

सरकारचा भाग म्हणजे रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्याच्या वर २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला १३, १४, १५. त्यामुळे ९३,३९० बरोबर होते, तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं. पण रजिस्ट्रेशनचे ९,५००? नोंदणी शुल्क ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. टपाल वगैरे धरूनही अडीच हजारांच्या आसपास. बाकीचे सात हजार कशाचे, हे विचारल्यावर "एजंट चार्जेस" असं उत्तर आलं. आम्ही म्हटलं, नोंदणी तुम्ही शोरूममधूनच ऑनलाइन करता, मग एजंट कोण? शेवटी २,९०० वर आले.

हँडलिंगचा प्रसंग मला कायम लक्षात राहील. कोल्हापूरच्या शोरूममध्ये मी विचारलं, "हे हँडलिंग म्हणजे नेमकं काय हो?"

"ताई, गाडी यार्डातनं आणायची, धुवायची, पॉलिश करायची, पेट्रोल घालायचं..."

"ते कंपनीच्या किमतीत येत नाही का?"

तो क्षणभर गप्प बसला. मग हिरव्या पेनाने त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर गेला. वाद नाही, मॅनेजरला विचारणं नाही. ६,५०० रुपये एका प्रश्नावर गेले! जो विचारत नाही तो भरतो, आणि विचारत नाहीत ती बहुतेक आमच्यासारखीच पहिल्यांदा शोरूमची पायरी चढणारी माणसं असतात. याचंच मला वाईट वाटतं.

विमा बाहेरून घेतला, ३१,४०० ला. त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहीन, तो मोठा विषय आहे. ॲक्सेसरीजचं २४,९०० चं किट "कंपल्सरी" होतं. आम्हाला मॅट्स, मडफ्लॅप आणि पार्किंग सेन्सरची एक वायर हवी होती. सगळं मिळून ५,२०० झाले. एक्सटेंडेड वॉरंटी सध्या घेतली नाही.

सूट अशी : कंपनीची ग्राहक ऑफर २५,०००. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, त्याचा कॉर्पोरेट डिस्काउंट ५,०००. हा आम्हाला कुणी स्वतःहून सांगितला नाही. पगाराची स्लिप दाखवल्यावर मिळाला. आणि डीलरने स्वतःच्या पदरचे ८,००० सोडले, तेही तीन शोरूमची लेखी कोटेशन समोर ठेवल्यावर. सांगली, कोल्हापूर, पुणे. शेवटी गाडी सांगलीतच घेतली. सर्व्हिसिंग इथेच करायचं आहे म्हणून.

तुमचे अनुभव लिहा. चुकलं असेल तर तेही सांगा.

एमएच_पंधरा

अतिशय उपयोगी धागा. एक प्रश्न : जुनी गाडी होती का? एक्स्चेंज बोनस का नाही घेतला?

कृष्णाकाठ

होती, २०१३ ची. शोरूमने १,१०,००० किंमत लावली आणि वर २०,००० एक्स्चेंज बोनस. म्हणजे १,३०,०००. मिरजेतल्या ओळखीच्या माणसाने १,५५,००० दिले. बोनसचा आकडा कागदावर छान दिसतो, पण जुन्या गाडीची किंमत कमी लावली की तो तिथेच वळता होतो. दोन्ही आकड्यांची बेरीज करून बाहेरच्या भावाशी ताडून बघा.

जुना सेल्सवाला

मी नऊ वर्षं दोन वेगवेगळ्या शोरूममध्ये काम केलंय, आता ती लाइन सोडली. ताईंच्या सासऱ्यांनी सांगितलेलं शंभर टक्के खरं. आतली बाजू थोडी सांगतो, म्हणजे कुठे ताणायचं ते कळेल.

लोकांना वाटतं तेवढा नफा डीलरला गाडीच्या किमतीत नसतो. त्याची खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, एक्सटेंडेड वॉरंटी आणि पुढची सर्व्हिसिंग यांत असते. विमा कंपनी आणि बँक दोघीही डीलरला पैसे देतात. म्हणून सेल्समन तुम्हाला "विमा आमच्याकडूनच घ्या, मग बघतो डिस्काउंटचं" असं म्हणतो. हे बोलणं सरळ धमकीसारखं वाटलं तरी घाबरू नका. विमा कुणाकडून घ्यायचा हे ठरवायचा हक्क ग्राहकाचा आहे, आणि डीलरमार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी विमा नियामक आयआरडीएआयचे २०१७ चे नियम तेच सांगतात. मात्र एक तडजोड होऊ शकते. बाहेरचं कोटेशन छापून न्या आणि "एवढ्यातच, याच ॲड-ऑनसह (जादा पैसे भरून घेतलेल्या संरक्षणासह) द्या" म्हणा. बऱ्याचदा जमवतात. मग विमाही शोरूमचा आणि कॅशलेसची सोय पण तिथेच. माझ्या मते हा सगळ्यात चांगला मार्ग.

दुसरं, वेळ. यार्डात उभ्या गाड्यांवर डीलरने बँकेकडून पैसे उचललेले असतात, त्याचं व्याज रोज चालू असतं. दोन-अडीच महिने न हललेली गाडी त्याच्या डोक्यावरचं ओझं होते. म्हणून "किती डिस्काउंट?" विचारण्याआधी "यार्डात कुठला रंग, कुठलं व्हेरियंट उभं आहे?" हे विचारा. ज्या गाडीला तीन महिन्यांचं वेटिंग आहे तिच्यावर कुणी काही सोडत नाही, तिथे वेळ घालवू नका.

पितृपक्षात आमच्याकडे शुकशुकाट असायचा. टार्गेट मात्र महिन्याचं तेवढंच. त्या पंधरवड्यात जो गिऱ्हाईक यायचा त्याला मॅनेजर स्वतः चहा विचारायचा. उलट दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी एकेका शोरूममधून दिवसाला चाळीस-पन्नास गाड्या निघतात. तेव्हा कुणालाही भाव करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. घरच्यांना मुहूर्ताचीच गाडी हवी असेल तर पितृपक्षात बोलणी करून सगळं लेखी घ्या आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या. फक्त बुकिंग फॉर्म नीट वाचा. किंमत बुकिंगच्या दिवसाची नाही, बिलाच्या दिवसाची लागते. ऑफरही बहुधा महिनाअखेरीला संपते.

आणि एक विनंती. सेल्सच्या पोराला दमात घेऊ नका. त्याचा पगार कमी, इन्सेंटिव्ह गाड्यांच्या आकड्यावर. तो तुमच्या बाजूने मॅनेजरशी बोलला तरच पुढचे पाच हजार सुटतात.

हिशेबनीस

ताई, हिशेब छान मांडलात, पण एक दुरुस्ती. १०,२२,८९० आणि ९,४४,४९० यांतला फरक ७८,४०० येतो. त्यात एक्सटेंडेड वॉरंटीचे १७,२०० आहेत. ते तुम्ही वाचवले नाहीत, पुढे ढकलले. मूळ वॉरंटी संपायच्या आत बहुतेक कंपन्यांची वाढीव वॉरंटी घेता येते, पण उशीर केला तर दर वाढतो. म्हणजे खरी बचत ६१,२००. तीही भरपूर आहे. एवढं स्पष्ट लिहितो, कारण वाचणारे हा आकडा घेऊन शोरूममध्ये जातील.

आणखी दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. तुमची ८,४९,००० ची गाडी २९ टक्क्यांच्या जुन्या करात सव्वानऊ लाखांच्या वर गेली असती. पण हा करातला फरक आहे, डीलरची सूट नव्हे. तो एक्स-शोरूम किमतीत आधीच उतरलेला आहे. कुणी 'जीएसटी लाभ' अशी वेगळी ओळ दाखवून सूट मोठी करत असेल तर ती ओळ खोडून मगच बेरीज करा. हा १८ टक्क्यांचा दर चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल गाड्यांनाच आहे. मोठ्यांना ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५.

दुसरी गोष्ट, १० लाखांची रेघ. समजा एका व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत ९,९८,००० आहे आणि त्याच्या वरच्याची १०,०५,०००. शोरूममध्ये सांगतात, "सर, फक्त सात हजारांचा फरक, वरचं घ्या." पण पहिल्याला रोड टॅक्स ११ टक्क्यांनी १,०९,७८०, दुसऱ्याला १२ टक्क्यांनी १,२०,६००. म्हणजे फरक सात हजारांचा नाही, जवळपास अठरा हजारांचा. शिवाय १० लाखांच्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आपल्याकडून आगाऊ वसूल केलेला आयकर. तो दहा हजारांचा आकडा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदींत (२६एएस) तो दिसतोय ना, हे नक्की तपासा. डीलरने पॅन चुकीचा टाकला तर शोधत बसावं लागतं. माझ्या एका अशिलाला हा मनस्ताप झालाय.

कृष्णाकाठ

हिशेबनीस, मान्य. ६१,२०० च धरा सगळ्यांनी. मी घाईत दोन्ही एकत्र केलं.

मोगरा

विम्याबद्दल लिहा ना ताई. आमची पण गाडी पुढच्या महिन्यात घ्यायची आहे. शोरूमने ५१,००० सांगितलेत आणि "झिरो डेप आहे" एवढंच म्हणतात.

कृष्णाकाठ

मोगरा, विम्याच्या कोटेशनमध्ये दोन भाग असतात, ते आधी वेगळे करून मागा.

एक, थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा. नव्या खासगी गाडीला तो तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून. त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे. १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसी १०,६४०, त्यापुढे २४,५९६, आणि वर जीएसटी. तो कुठेही घ्या, सारखाच. त्यात कुणी सूट देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

दोन, ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो एक वर्षाचा पुरतो. सगळा खेळ इथे आहे. नव्या गाडीचा आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो. बाहेरचं कोटेशन स्वस्त दिसलं तर आधी आयडीव्ही बघा. तो खाली ओढून हप्ता कमी दाखवलेला असू शकतो. मग झिरो डेप (भाग बदलताना घसारा कापत नाहीत), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम), चावी, टायर असे ॲड-ऑन. आमच्याकडे पंचगंगेला आणि कृष्णेला पाणी येतं. २०१९ चा पूर आम्ही घरात बसून बघितलाय. म्हणून इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप घेतले, बाकीचे काढून टाकले. चावीचं कव्हर १,१०० चं होतं, ते नको म्हटलं.

आणि आमचा सगळ्यात मोठा फायदा नो क्लेम बोनसचा (एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) झाला. जुन्या गाडीवर ५० टक्के एनसीबी साठला होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो! जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजला लागू होतं. शोरूमच्या ४६,८०० मध्ये हा धरलेलाच नव्हता. जुनी गाडी आहे का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं.

घाटमाथा

एनसीबीच्या मुद्द्याला जोडून : जुनी गाडी बाहेर विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून तशाच हातात देऊ नका. आरसी (नोंदणीपत्र) समोरच्याच्या नावावर झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. माझ्या भावाने विकलेल्या गाडीची चलनं पुढे दीड वर्ष त्याच्या मोबाइलवर येत होती. पाच-दहा हजार जास्त मिळाले म्हणून अनोळखी दलालाला गाडी देण्यापेक्षा कधीकधी शोरूमचा एक्स्चेंज परवडतो. मनाला शांतता तरी राहते.

फौजी_सातारा

सेवेत असलेल्या आणि निवृत्त सैनिकांनी सीएसडीचा (सैन्याच्या कँटीन विभागाचा) विचार जरूर करावा. कँटीनमार्फत गाडीवर जीएसटी निम्माच लागतो, त्यामुळे फरक मोठा पडतो. डीलरकडून उपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यायचं, सीएसडीच्या पोर्टलवर अर्ज करायचा, पैसे सीएसडीला भरायचे आणि मग डीलरकडून डिलिव्हरी. वेळ लागतो. दसऱ्याला गाडी हवी असेल तर गणपतीच्याही आधी हालचाल करा. काही डीलर सीएसडीचं गिऱ्हाईक म्हटलं की टाळाटाळ करतात, "ते मॉडेल नाही" म्हणतात. तालुका बदलून विचारा, मिळतं.

तळकोकण

आमच्याकडे सावंतवाडी-कुडाळला बरेच जण गोव्याची गाडी घ्या, टॅक्स कमी आहे म्हणतात. कुणी केलंय का?

हिशेबनीस

तळकोकण, राहता आणि चालवता महाराष्ट्रात असाल तर त्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते (मोटर वाहन कायदा, कलम ४७), आणि मग इथला टॅक्स भरावाच लागतो. नोंदणीसाठी तिथला पत्ता खोटा दाखवणं तर त्याहून गंभीर. बदलीची नोकरी असेल तर बीएच सिरीज (राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणारा 'भारत' नंबर) बघा. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळते, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

धंद्यासाठी घेणाऱ्यांना एक वेगळी सूचना : गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. आणि प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेकांना मिळत नाही. डॉक्टर, वकील, सीए यांनी स्वतःच्या नावावर घेऊन घसारा दाखवणं सोपं. ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी वापरात आली तर त्या वर्षी १८० दिवस भरतात आणि १५ टक्के घसारा पूर्ण मिळतो, त्यानंतर निम्मा. दर दसऱ्याला माझ्याकडे हा प्रश्न येतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद चिकटवणं १९५८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यात गाडीची किंमत, प्रत्येक पर्यायाची किंमत, वाहतूक खर्च सगळं छापलेलं. तरीही भाव करावाच लागतो, कारण डीलर आपल्या फी वर चढवतो. आमची पद्धत अशी : पाच डीलरना एकच ईमेल पाठवायचा, "याच गाडीची, सगळ्या करांसह दारातून बाहेर पडेपर्यंतची रक्कम लिहून पाठवा." जो आकडा द्यायच्या ऐवजी "या, बसून बोलू" म्हणतो त्याच्याकडे जायचंच नाही. इथे कंपनी कधी रोख रिबेट देते, कधी कमी व्याजाचं कर्ज. दोन्ही एकत्र क्वचितच मिळतात, त्यामुळे दोन्हींचा हिशेब मांडून निवडावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. माझ्या शेजाऱ्याने शेवटच्या आठवड्यात धावपळ करून घेतली.

ईमेलची युक्ती तिकडेही चालावी असं वाटतं.

जुना सेल्सवाला

व्हॉट्सॲपवर चालते. लेखी कोटेशन शिक्क्यासह मागा, बहुतेक जण पाठवतात.

नवखा_२६

माझी पहिलीच गाडी. नोकरीला दोन वर्षं झाली, नाशिकला असतो. सात लाख कर्ज काढणार होतो, शोरूममध्ये "फक्त ६ टक्के, फ्लॅट" असं सांगितलं. बँक ९ टक्के म्हणते. मग शोरूमचंच स्वस्त ना? आणि कागदावर हँडलिंग ७,८०० आणि 'सिरॅमिक पॅकेज' १८,५०० आहे.

हिशेबनीस

अरे थांब, सही करू नकोस. फ्लॅट म्हणजे पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचं व्याज. तू दर महिन्याला मुद्दल फेडत असतोस तरी व्याज मूळ सात लाखांवरच. पाच वर्षांचा ६ टक्के फ्लॅट म्हणजे बँकेच्या घटत्या पद्धतीने पावणेअकराच्याही वर जातो. हप्ता दोन्हीकडून रुपयांत लिहून घे. पाच वर्षांसाठी बँकेच्या ९ टक्क्यांत सात लाखांना हप्ता सुमारे १४,५३० येईल. शोरूमच्या फ्लॅटमध्ये ९,१०,००० ला ६० ने भाग, म्हणजे १५,१६७. महिन्याला साडेसहाशेच्या आसपास फरक, पाच वर्षांत ३८ हजार.

मुदतही ताणू नकोस. आठ लाख, ९ टक्के, पाच वर्षं : व्याज १,९६,००० च्या आसपास. तेच सात वर्षं केलं तर २,८१,०००. हप्ता कमी दिसतो पण ८५ हजार जास्त जातात. शोरूममध्ये महिनाभर झगडून मिळवलेली सूट इथे एका सहीत निघून जाते. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड पण विचार.

कृष्णाकाठ

नवखा, सिरॅमिक पॅकेज (रंगावरचं संरक्षक कोटिंग) काढायला सांग, लागलं तर नंतर बाहेर करून घेता येतं. बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यावरच भर, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको, आणि रद्द केलं तर किती परत मिळणार हे पावतीवर लिहून घे.

आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी, नोंदणीच्या आधी, यार्डात जाऊन गाडी डोळ्यांनी बघ. नोंदणी झाली की गाडी तुझी, मग काही बोलता येत नाही. चॅसिस नंबर लिहून घे आणि फॉर्म २२ वर (कंपनीच्या प्रमाणपत्रावर) तोच आहे ना, निर्मितीचा महिना-वर्ष कोणतं, ते बघ. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आम्ही उन्हात वाकून बघत होतो. पुढच्या दोन टायरवर ४१२५, मागच्या एकावर ४१२५ आणि चौथ्यावर १९२५! मी विचारलं तर म्हणाले, स्टॉकमधला असेल. आम्ही बदलून मागितला, दोन दिवसांत बदलला. किलोमीटर २७ होते. डाव्या मागच्या दारावर नखाएवढा ओरखडा होता, तो त्यांनी मान्य करून बफ करून दिला. हे सगळं डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळ आणि फोटोंच्या गडबडीत दिसलं नसतं.

एमएच_पंधरा

डिसेंबरमध्ये घेतलीत म्हणजे वर्ष २०२५ चं लागलं. पंधरा दिवस थांबून जानेवारीत २०२६ ची घेतली असती तर विकताना फायदा झाला नसता का?

कृष्णाकाठ

आमच्या घरात यावर दोन रात्री चर्चा झाली. "जानेवारीपासून किंमत वाढणार" हे शोरूमवाले दरवर्षी सांगतात, ते आम्ही मोजलं नाही. पण आम्ही गाडी बारा-तेरा वर्षं वापरतो. तेव्हा विकताना एका वर्षाने पाच-सात हजार पडतील, आज २५,००० ची ऑफर हातात होती. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने थांबावं.

जुना सेल्सवाला

बरोबर. आणि जानेवारीत गेलात तर आरसीवर निर्मिती वर्षही छापलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. जानेवारीत नोंदलेली पण नोव्हेंबरची बनलेली गाडी 'नवीन वर्षाची' म्हणून पूर्ण किमतीत विकली जाते. जुन्या वर्षाची गाडी असेल तर सूट डिसेंबरएवढीच मागा, किंबहुना जास्त.

घाटमाथा

स्क्रॅपबद्दल कुणी लिहिलं नाही. पंधरा वर्षांच्या वरची गाडी असेल आणि बाहेर वीस-पंचवीस हजारही येत नसतील तर अधिकृत स्क्रॅप केंद्रात देऊन सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या. ते दाखवलं की नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ आणि रोड टॅक्समध्ये सवलत. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, म्हणून आरटीओत विचारून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये गडकरींसोबतच्या बैठकीनंतर बऱ्याच कंपन्यांनीही एक्स-शोरूमच्या दीड टक्का किंवा २०,००० यांपैकी कमी असेल तेवढी सूट द्यायचं मान्य केलं होतं. भंगारवाल्याला दिलीत तर यातलं काहीच मिळत नाही.

नवखा_२६

आज परत जाऊन आलो. आईला सोबत नेलं होतं. हँडलिंगबद्दल विचारलं तर आधी म्हणाले "सगळ्यांकडून घेतो". मी म्हटलं, ठीक आहे, मग बिलावर वेगळी ओळ करून जीएसटीसकट पावती द्या. पाच मिनिटं आत जाऊन आले आणि काढून टाकलं. सिरॅमिक काढलं. विमा बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर ४४,००० वरून ३४,६०० वर आणला, तेच ॲड-ऑन. वडिलांच्या स्कूटरचा एनसीबी लावता येईल का विचारलं, नाही म्हणाले.

कर्ज बँकेचं, पाच वर्षं. उद्या यार्डात जायचंय. आईने टॉर्च पिशवीत घालून ठेवलाय, टायर बघायला.

कृष्णाकाठ

एनसीबीबद्दल त्यांनी खरं सांगितलं. दुचाकीचा चारचाकीला चालत नाही, आणि नावही तुझंच लागतं. टायर पाच बघ, स्टेपनीसकट.